विश्लेषण : अमेरिकेची जंगले उजाड करणारा पतंग आला कुठून?

अमेरिकेच्या ईशान्य भागात काही वर्षांच्या अंतराने, ऐन उन्हाळ्यात ओकची जंगले निष्पर्ण होतात. ‘स्पंजी मॉथ’ या पतंगाच्या अळ्या पानांचा फडशा पाडतात. हा कीटक मूळचा तिथला नाही. दीडशे वर्षांपूर्वी एतिएन लिओपोल्ड त्रूवेलो या फ्रेंच चित्रकाराने तो तिथे नेला.

त्रूवेलो कोण होते?

त्रूवेलो यांचा जन्म १८२७ मध्ये फ्रान्समध्ये झाला. लुई नेपोलियनने १८५१ मध्ये सत्ता बळकावल्यानंतर प्रजासत्ताकवादी त्रूवेलो यांनी देश सोडला. मॅसॅच्युसेट्स राज्यातील मेडफर्ड येथे ते स्थायिक झाले. व्यवसाय चित्रकाराचा, पण छंद कीटकांचा.

पतंग कशासाठी आणला?

त्या काळात रोगामुळे फ्रान्सचा रेशीम उद्योग संकटात होता. त्रूवेलो घरामागील जागेत जाळ्या लावून अमेरिकेतील रानटी रेशीम पतंग वाढवत. १८६० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी युरोपातून स्पंजी मॉथची अंडी आणली. तीही रेशमाच्या प्रयोगांसाठीच, असे मानले जाते. १८६८-६९ च्या सुमारास काही कीटक निसटले.

धोका कळला नव्हता का?

त्रूवेलो यांना कळला होता. त्यांनी कीटकतज्ज्ञांना तसे कळवल्याचे सांगितले जाते. मात्र, कोणीच हालचाल केली नाही. या पतंगाची मादी उडत नाही. नवजात अळ्या धाग्याला लोंबकळत वाऱ्याबरोबर पसरतात. प्रसार असा संथ असल्याने जवळपास वीस वर्षे गाफीलपणात गेली. १८८९ मध्ये मेडफर्डची झाडे, कुंपणे, घरांच्या भिंती अळ्यांनी भरून गेल्या. राज्याने १८९० पासून अंडी खरवडण्याची, विषारी फवारणीची मोहीम चालवली आणि १९०० मध्ये ती सोडून दिली. पतंग पसरतच राहिला.

त्रूवेलो यांचे पुढे काय झाले?

कीटक सोडून ते आकाशाकडे वळले. हार्वर्ड वेधशाळेने त्यांना १८७२ मध्ये बोलावून घेतले. ग्रह, धूमकेतू, सूर्यावरील ज्वाळा यांची त्यांनी काढलेली चित्रे आजही वाखाणली जातात. १८८२ मध्ये ते फ्रान्सला परतले. मेडफर्डमधील उद्रेकाच्या वेळी ते म्यूदाँच्या वेधशाळेत काम करत होते. १८९५ मध्ये त्यांचे निधन झाले. चंद्रावरील आणि मंगळावरील एकेका विवराला त्यांचे नाव आहे.

आज स्थिती काय?

हा पतंग अमेरिकेतून हटवता आलेला नाही. बाधित भागातून घर हलवताना अंगणातले सामान तपासून अंडी काढणे तिथे कायद्याने बंधनकारक आहे. सुरुवातीला हेच काम एका अंगणापुरते होते.