के. एस. कृष्णन : रामन परिणामाचे दुसरे संशोधक

दरवर्षी २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा होतो. त्यानिमित्त चंद्रशेखर व्यंकट रामन यांचे स्मरण होते, आणि ते उचितच आहे. मात्र या शोधाचे निर्णायक प्रयोग ज्यांच्या हातून झाले, त्या सर करिअमाणिक्कम श्रीनिवास कृष्णन यांचा उल्लेख त्या दिवशी क्वचितच ऐकू येतो.

कृष्णन यांचा जन्म ४ डिसेंबर १८९८ रोजी तामिळनाडूतील वत्रप येथे झाला. चेन्नईच्या मद्रास ख्रिश्चन कॉलेजात ते शिकले आणि तेथेच रसायनशास्त्राचे प्रयोगनिर्देशक झाले. दुपारच्या सुटीत ते विज्ञानावर अनौपचारिक चर्चा घेत. शेजारच्या महाविद्यालयांतील विद्यार्थीही तिला हजर राहत. १९२० मध्ये ते रामन यांच्याकडे संशोधनासाठी कोलकात्याला गेले.

रेणूतील अणू सतत कंप पावत असतात. वायूचे दोन रेणू एकमेकांवर आदळले, की ही कंपनऊर्जा एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते. अशीच देवाणघेवाण प्रकाश आणि रेणू यांच्यातही होते. प्रकाशकण रेणूला थोडी ऊर्जा देऊन बाहेर पडला, की त्याचा रंग बदलतो. हा बदललेला प्रकाश अत्यंत क्षीण असतो. विरळ बाष्पात तो ओळखणे तर फारच कठीण. पण तेथे तो दिसला, तर तो सुट्या रेणूचाच गुणधर्म ठरतो. म्हणूनच बाष्पावरील प्रयोगांना महत्त्व होते.

फेब्रुवारी १९२८ च्या आरंभी कृष्णन यांनी अँथ्रासीनच्या बाष्पापासून सुरुवात केली. उपकरणे साधीच होती : सूर्यप्रकाश, भिंगे आणि रंगीत गाळण्या. ७ फेब्रुवारीला अनेक शुद्ध द्रवांत हा प्रकाश आढळला. त्याच रात्री रामन उत्साहाने त्यांच्या घरी आले. पुढे पेंटेनच्या बाष्पातही त्याची खातरजमा झाली. 'नेचर' नियतकालिकात ३१ मार्च १९२८ रोजी प्रसिद्ध झालेल्या पहिल्या टिपणावर दोघांचीही नावे आहेत.

१९३० चे नोबेल पारितोषिक मात्र एकट्या रामन यांना मिळाले. संशोधनाची दिशा रामन यांची होती, हे खरे. तरीही कृष्णन यांचा वाटा केवळ साहाय्यकाचा नव्हता.

कृष्णन पुढे स्फटिकांच्या चुंबकीय गुणधर्मांकडे वळले. १९४० मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले आणि १९४७ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे पहिले संचालक. १९५८ चा पहिला शांतीस्वरूप भटनागर पुरस्कारही त्यांनाच मिळाला. १४ जून १९६१ रोजी त्यांचे निधन झाले.