शिऊरच्या संत बहिणाबाई

वारकरी पंथाच्या मंदिराचा पाया कोणी घातला आणि कळस कोण झालं, हे सांगणारा अभंग आपल्या दिंडीतल्या लहान पोरांनाही पाठ आहे. पण तो कुणाचा असं विचारलं की पुष्कळ जण खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींचं नाव घेतात. त्याही थोरच, पण त्या अगदी अलीकडच्या. हा अभंग शिऊरच्या बहिणाबाईंचा. त्या तुकोबारायांच्या शिष्या, तुकोबांना डोळ्यांनी पाहिलेल्या. आपलं चरित्र त्यांनी स्वतःच अभंगांतून सांगून ठेवलं आहे, त्याच्याच आधाराने आम्ही हे चार शब्द लिहीत आहोत.

वेरूळजवळच्या देवगावात इ. स. १६२८ मध्ये त्यांचा जन्म झाला. आई जानकी, वडील आऊजी कुलकर्णी. नीट बोलताही येत नव्हतं त्या वयात लग्न लागलं. नवरा गंगाधरपंत पाठक, शिऊरचे, बिजवर, वय तिशीचं. पुढे भाऊबंदकी आणि कर्जापायी गाव सोडावं लागलं. आईवडील, जावई आणि लेक असं सगळं बिऱ्हाड भिक्षा मागत पंढरपूर, शिखर शिंगणापूर, रहिमतपूर करत कोल्हापुरास पोचलं.

कोल्हापुरात त्यांच्याकडे दानातली एक गाय-वासरी आली. त्या वासराला बहिणाबाईंचा एवढा लळा की त्या कीर्तनाला निघाल्या की तेही मागे. जयरामस्वामींच्या कीर्तनात गर्दी झाली म्हणून लोकांनी वासराला बाहेर काढलं, तर ते हंबरडा फोडू लागलं. स्वामींनी त्याला आत घेतलं आणि या मुलीचं कौतुक केलं. झालं! गावभर बोलबाला झाला आणि गंगाधरपंतांचा संताप अनावर झाला. वेदशास्त्र आपण शिकलो, आणि लोक बघायला येतात ते बायकोला! त्यांनी तिला बांधून बेदम मारलं. वय असेल अकराएक वर्षांचं. त्या दिवसांत गाईने चाऱ्याला तोंड लावलं नाही, आणि पुढे ते वासरू गेलं.

त्यानंतर कित्येक दिवस त्या शुद्धीवर नव्हत्या. त्याच अवस्थेत तुकोबाराय स्वप्नात आले, मस्तकावर हात ठेवला आणि रामकृष्णहरी हा मंत्र दिला, असं त्या सांगतात. देहू तेव्हा कुठे आणि कोल्हापूर कुठे. नवऱ्याच्या धाकात असलेल्या मुलीला तिथवर जाऊ कोण देणार? पण गुरू आला, देव आला, तो त्या बंद घरातच. आमच्या मते त्यांचं सगळं बळ इथून सुरू होतं. देव भेटायला उंबरा ओलांडावा लागत नाही हे एकदा कळल्यावर, उंबऱ्याच्या आत कितीही जाच झाला तरी माणूस एकटं राहत नाही.

ब्राह्मणाच्या बायकोने वाण्याला गुरू करायचं, हे त्या काळी लहान धाडस नव्हतं. गंगाधरपंतांनी घर सोडून निघून जायचं ठरवलं. त्या वेळी बहिणाबाई गरोदर होत्या. नवरा गेला तर आपली काय गत, हा विचार त्यांना पडलाच. तो त्यांनी लपवलेला नाही. बाईच्या जन्माला शास्त्राने दार लावून घेतलं ही तक्रारही त्यांनी मोकळेपणी केली आहे. पण नाम सोडलं नाही, आणि नवऱ्याची सेवाही सोडली नाही. काहींना हे आज पटत नाही, त्या निघून का गेल्या नाहीत असं विचारतात. सतराव्या शतकात जाणार कुठे, माउली? शिवाय विठोबा नवऱ्यातही आहे असं त्यांनी मानलं होतं, आणि ते मानणंच आम्हाला मार खाण्यापेक्षा अवघड वाटतं.

निघायच्या वेळीच गंगाधरपंतांना ताप भरला. महिनाभर अंथरूण सुटलं नाही. बहिणाबाई उशाशी बसून होत्या. त्या दुखण्यात त्यांचं मन फिरलं आणि बरे होताच सगळं कुटुंब देहूला निघालं.

देहूत तुकोबांचं प्रत्यक्ष दर्शन झालं. इथेही सुख नव्हतंच. मंबाजी गोसाव्याने त्यांनी आपलं शिष्यत्व घ्यावं म्हणून तगादा लावला, आणि गुरू तुकोबा आहेत म्हटल्यावर छळ मांडला. त्यांची गाय नेऊन बांधली, तिला मारलं. त्याचे वळ तुकोबांच्या पाठीवर उठले, असं बहिणाबाई लिहितात. पण या वेळी गंगाधरपंत बायकोच्या बाजूने उभे होते. देहूतच त्यांना मुलगी झाली, काशी. पुढे मुलगा झाला, त्याचं नाव विठोबा.

नंतरच्या काळात त्यांनी वज्रसूची मराठीत आणली. ब्राह्मण जन्माने की ज्ञानाने, हा त्या ग्रंथाचा विषय. ज्या घरात शूद्र गुरूवरून रण माजलं, त्याच घरात बसून हे लिहिलं, एवढं लक्षात घ्यावं.

शेवटची वर्षं शिऊरला गेली. अंत जवळ आल्याचं कळलं तेव्हा मुलगा परगावी होता. त्याला बोलावून घेतलं, जवळ बसवलं आणि आपल्या मागच्या बारा जन्मांची हकीगत त्याला सांगितली. हा तेरावा, आता पुढे येणं नाही, हेही सांगितलं. शके १६२२, म्हणजे इ. स. १७००, आश्विन शुद्ध प्रतिपदेला त्यांनी देह ठेवला. समाधी शिऊरलाच आहे.