मंत्रचळ जिवावर बेततो तेव्हा

हॉवर्ड ह्यूज यांचा जन्म १९०५ मध्ये अमेरिकेत झाला. आईला रोगराईची विलक्षण धास्ती. मुलाचे अंग ती सारखे तपासायची. याच ह्यूज यांनी १९३८ मध्ये चार दिवसांच्या आत विमानाने पृथ्वीप्रदक्षिणा केली. १९४६ च्या विमान अपघातानंतर वेदनेसाठी घेतलेल्या कोडीनचे व्यसन जडले. जंतूंची भीतीही वाढत गेली. फळांचा डबा कसा धुऊन उघडायचा, याच्या लेखी सूचना ते नोकरांना देत. स्वतः मात्र पडदे ओढलेल्या खोलीत केस-नखे वाढवून पडून राहत.

हा मंत्रचळ, म्हणजेच ओसीडी. आपल्याकडे ‘स्वच्छतेची आवड’ म्हणून त्याचे कौतुकही होते! स्वीडनमधील ६१,३७८ रुग्णांच्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मृत्यूचा धोका ८२ टक्क्यांनी जास्त आढळला. त्यात आत्महत्या होत्याच, पण फुप्फुसांचे आणि हृदय-रक्तवाहिन्यांचे आजारही होते.

५ एप्रिल १९७६ रोजी ह्यूज गेले, मूत्रपिंडे निकामी होऊन. वजन उरले होते जेमतेम ४२ किलो. दिमतीला डॉक्टर होते, पैशाला तोटा नव्हता. भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरे जाण्याचा उपचार लंडनच्या व्हिक्टर मायर यांनी १९६६ मध्येच मांडला होता. त्या बंद खोलीपर्यंत तो पोचला नाही.