उपासनामंदिरातून वस्तीकडे

सुधारणेचा इतिहास सांगताना धर्माला बहुधा आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जाते. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचे चरित्र या सोयीच्या मांडणीत बसत नाही. २३ एप्रिल १८७३ रोजी जमखंडी येथे एका वारकरी घरात त्यांचा जन्म झाला. पुण्यात शिकत असताना ते प्रार्थनासमाजाकडे ओढले गेले आणि १९०१ मध्ये ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मांच्या तौलनिक अभ्यासासाठी गेले. १९०३ मध्ये परतल्यावर बॅरिस्टरी वा सरकारी नोकरी न शोधता त्यांनी समाजाचे प्रचारकपद पत्करले.

१८६७ मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थनासमाजाने एकेश्वरी भक्तीला नवे तेज दिले, हे खरेच. परंतु त्याची उपासना मुख्यतः सुशिक्षितांच्या वर्तुळातच राहिली. ईश्वर सर्वांचा पिता असेल, तर महारवाड्यातील माणूस आपला कोण, या प्रश्नाचे उत्तर प्रवचनात देऊन भागणार नव्हते. शिंदे यांनी ते १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत परळला शाळा उघडून दिले. निराश्रित साहाय्यकारी मंडळीचा हा आरंभ होता. सर नारायण चंदावरकर अध्यक्ष झाले. पण प्रत्यक्ष काम शिंदे, त्यांच्या भगिनी जनाक्का आणि मोजके सहकारी यांच्यावर पडले. त्यांच्या लेखी हीच उपासना होती. पुणे, हुबळी, अकोला अशा ठिकाणी कार्य पसरले. १९१० मध्ये मात्र त्यांनी समाजाचे प्रचारकपद सोडले.

राजकारणातही हा प्रश्न त्यांनी रेटला. १९१७ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये अस्पृश्यतेविरुद्ध ठराव झाला, त्यामागे त्यांचे परिश्रम होते. १९१८ च्या मुंबईतील अस्पृश्यतानिवारण परिषदेत लोकमान्य टिळकही बोलले. प्रतिज्ञापत्रकावर मात्र त्यांची सही झाली नाही. शब्द आणि सही यांतील हे अंतर त्या काळाविषयी पुष्कळ सांगून जाते.

खरी कसोटी पुढे आली. शिकलेल्या अस्पृश्य तरुणांना आपले नेतृत्व आपल्याच हाती हवे होते आणि ही मागणी न्याय्य होती. १९२३ मध्ये शिंदे मिशनच्या कारभारातून बाजूला झाले. विभक्त मतदारसंघांना त्यांचा विरोध होता, त्यामुळे अंतर वाढतच गेले. सवर्णांनी तर त्यांना आधीच परके ठरविले होते. १९३० च्या कायदेभंगात तुरुंगवास भोगून आल्यावर त्यांनी १९३३ मध्ये ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ हा संशोधनग्रंथ प्रसिद्ध केला. २ जानेवारी १९४४ रोजी ते निवर्तले. उपासना त्यांनी अखेरपर्यंत सोडली नव्हती.