होमी मोदी

सर होर्मसजी फिरोजशाह तथा होमी मोदी (२३ सप्टेंबर १८८१ – ९ मार्च १९६९) हे मुंबईचे पारशी उद्योगपती, राजकारणी आणि उत्तर प्रदेशाचे राज्यपाल होते. ब्रिटिश सरकारशी जुळवून घेणारे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मोदींनी पुण्यातील महात्मा गांधींच्या १९४३ च्या उपोषणावरून व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचा राजीनामा दिला.

मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकून ते वकील झाले. १९१३ मध्ये ते मुंबई महापालिकेत निवडून आले व पुढे तिचे अध्यक्ष झाले. फिरोजशाह मेहता यांचे चरित्र त्यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे ते गिरणी उद्योगात शिरले आणि मुंबई गिरणीमालक संघाचे अनेक वर्षे अध्यक्ष राहिले.

जपानी कापडाच्या स्पर्धेने मुंबईच्या गिरण्या हैराण झाल्या असताना, १९३३ मध्ये त्यांनी लँकेशायरच्या प्रतिनिधींशी लीस-मोदी करार केला. ब्रिटिश कापडाला जकातीत सवलत आणि त्याबदल्यात भारतीय कापसाला मागणी, असा त्याचा आशय होता. स्वदेशीच्या काळात हा करार अप्रिय ठरला. अहमदाबादच्या गिरणीमालकांनीही त्याला विरोध केला. १९३५ मध्ये मोदींना सर हा किताब मिळाला.

१९४१ मध्ये कार्यकारी मंडळाचा विस्तार झाला, तेव्हा मोदींकडे पुरवठा खाते आले. मंडळात भारतीयांचे बहुमत असले तरी अर्थ व गृह ही खाती ब्रिटिशांकडेच राहिली. ऑगस्ट १९४२ पासून गांधीजी पुण्यात येरवड्याजवळील आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध होते. १० फेब्रुवारी १९४३ रोजी, वयाच्या ७३ व्या वर्षी, त्यांनी २१ दिवसांचे उपोषण सुरू केले. आठवडाभरात प्रकृती ढासळली, तरी व्हाइसरॉय लिनलिथगो बिनशर्त सुटकेला तयार होईनात. तेव्हा मोदी, यवतमाळचे माधव श्रीहरी तथा बापूजी अणे आणि बंगालचे नलिनीरंजन सरकार यांनी राजीनामे दिले. गांधीजींची सुटका त्यामुळे झाली नाही. ३ मार्चला उपोषण संपले, स्थानबद्धता मे १९४४ पर्यंत चालली. युद्ध ऐन भरात असताना पुरवठा खात्याच्याच सदस्याने पद सोडणे ही सरकारला अडचणीची गोष्ट होती. काँग्रेसमध्ये नसलेल्या माणसाने ते केल्यामुळे तिचे वजन अधिक होते.

सरोजिनी नायडू यांच्या निधनानंतर, मे १९४९ मध्ये, मोदी संयुक्त प्रांताचे गव्हर्नर झाले. भारत तेव्हा अधिराज्य होता. जानेवारी १९५० मध्ये प्रांताचे नाव उत्तर प्रदेश झाले आणि त्या नावाच्या राज्याचे ते पहिले राज्यपाल ठरले. जमीनदारी निर्मूलनाचा कायदा त्यांच्याच कारकिर्दीत झाला. खाजगी मालमत्तेच्या या पुरस्कर्त्याच्या वाट्याला असा योग यावा, हे विशेषच. १९५२ मध्ये निवृत्त झाल्यावर ते उद्योगक्षेत्रात परतले आणि १९५९ मध्ये स्वतंत्र पक्षाच्या उभारणीत सहभागी झाले.

टाटा स्टीलचे रुसी मोदी आणि खासदार पिलू मोदी हे त्यांचे पुत्र. मुंबईत टाटांचे बॉम्बे हाऊस ज्या रस्त्यावर आहे, त्याला होमी मोदींचे नाव आहे.