सर लेनर्ड वुली आणि ऊर येथील राजकबरी

तेरह आपला पुत्र अब्राम, नातू लोट व सून सारय यांस घेऊन खास्द्यांच्या ऊर नगरातून निघाला, हे उत्पत्तीच्या अकराव्या अध्यायावरून आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. ते नगर हल्लीच्या इराक देशाच्या दक्षिण भागी होते, असे बहुतेक विद्वान मानतात. तेथे बारा वर्षे खपून ज्या गृहस्थांनी ते मातीखालून उकलून काढले, त्यांचे चरित्र आज थोडक्यात देत आहो.

चार्ल्स लेनर्ड वुली यांचा जन्म १८८० साली लंडन शहरी झाला. वडील पाळक होते व घरी मुलांचा परिवार मोठा होता. ऑक्सफर्ड येथे विद्याभ्यास संपवून १९०५ साली ते तेथील अ‍ॅशमोलियन नामक संग्रहालयात नोकरीस लागले. पुढे नूबिया देशात उत्खननाचे काम केले, आणि १९१२ पासून यिर्मयाच्या ग्रंथात उल्लेखिलेल्या कर्कमीश नगराचे. तेथेच त्यांस हमूदी नावाचा मुकादम लाभला. हा मनुष्य पुढे ऊर येथेही त्यांचा उजवा हात होऊन राहिला. पहिल्या महायुद्धात १९१६ साली ते तुर्कांच्या हाती सापडले व दोन वर्षे बंदिवासात होते.

१९२२ साली ब्रिटिश म्युझियम व अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाचे म्युझियम यांनी मिळून ऊरचे काम त्यांच्याकडे सोपविले. पहिल्याच हंगामात एका चरात सोन्याचे मणी निघू लागले. मजूर अजून शिकलेले नव्हते. काही मणी परस्पर सोनारांकडे जात. तेव्हा वुली यांनी सोनाराच्या भावाच्या तिप्पट बक्षीस लाविले. मग काय विचारता! मजुरांनी विकलेले मणी सोनारांकडून परत विकत घेऊन आणून दिले. परंतु यापुढे त्यांनी जे केले ते आम्हांस अधिक मोलाचे वाटते. त्यांनी तो चर बंद केला. असल्या नाजूक कामास मजुरांचा व आपलाही हात अजून तयार झाला नाही, असे त्यांनी ठरविले, आणि खाली सोने आहे हे माहीत असता चार वर्षे तिकडे कुदळ लाविली नाही. त्याच सुमारास मिसर देशात तुतानखामेन राजाची कबर उघडून साऱ्या जगात गाजावाजा चालला होता, हे ध्यानी आणिले म्हणजे या संयमाची किंमत कळते.

१९२६ साली काम पुन्हा सुरू झाले. सुमारे १,८०० कबरी सापडल्या. त्यांपैकी सोळांस वुली राजकबरी म्हणत. त्या ख्रिस्तापूर्वी सुमारे २५०० वर्षांच्या, किंबहुना त्याहून जुन्या आहेत. पुआबी नामक राणीची कबर चोरांच्या हाती लागली नव्हती. तिच्या मस्तकी सोन्याच्या पानांचे शिरोभूषण होते, आणि अंगावर सोने, अकीक व लाजवर्द यांच्या मण्यांच्या माळा. लाजवर्द अफगाणिस्तानातून येई. आणि ऊर येथील अकीकाच्या मण्यांपैकी काही सिंधूकाठच्या कारागिरांनी केलेले आहेत.

वीणांचे लाकूड तर केव्हाच कुजून गेले होते. मातीत नुसती पोकळी उरलेली. तीत पातळ प्लॅस्टर ओतून वुली यांनी वाद्याचा मूळ आकार मिळविला. चिरडलेले अलंकार मेण ओतून जसेच्या तसे उचलले. लोक सोने पाहावयास गर्दी करीत, लंडनच्या सचित्र पत्रांत पानेच्या पाने भरत. पण या पोकळ्या जपल्या नसत्या तर ते सोने म्हणजे नुसता ढीग झाला असता.

एके ठिकाणी मात्र त्यांनी घाई केली असे आम्हांस वाटते. १९२९ साली खोल खड्ड्यात स्वच्छ गाळाचा जाड थर लागला, आणि हाच नोहाच्या जलप्रलयाचा पुरावा म्हणून त्यांनी जाहीर केले. पुढे इतर नगरांतही असे थर सापडले, परंतु ते निरनिराळ्या काळांचे. म्हणून ऊरचा थर एखाद्या मोठ्या स्थानिक पुराचा असावा, असे हल्लीचे संशोधक म्हणतात. अब्राहामाचे नाव असलेला लेखही तेथे मिळाला नाही. आमच्या उपदेशक बंधूंनी बाजारात भाषण करिताना हा गाळ पुरावा म्हणून पुढे करू नये. ऐकणारा उद्या शहाणा होऊन परत येईल, तेव्हा उत्तर काय देणार?

१९३५ साली त्यांस ‘सर’ ही पदवी मिळाली. १९३८ साली हिंदुस्थान सरकारच्या निमंत्रणावरून ते आपल्या देशी आले, आणि येथील उत्खननपद्धतीचे दोष त्यांनी आपल्या अहवालात परखडपणे मांडिले. १९६० साली ते लंडन येथे मरण पावले.

त्यांच्या पश्चात एक गोष्ट निराळी ठरली. एका मोठ्या खड्ड्यात ७४ सेवकांची प्रेते ओळीने निजविलेली होती. त्यांत ६८ स्त्रिया. धन्याबरोबर जाण्यासाठी त्यांनी स्वखुशीने विष घेतले, अशी वुली यांची समजूत होती. २००९ साली या राजकबरींतील दोन कवट्यांची यंत्राने तपासणी झाली. त्यांपैकी एक याच खड्ड्यातील तरुणीची होती. दोहोंसही टोकदार हत्याराचे घाव आढळले. राजांची नावे शोधावयास जग धावले, पण या स्त्रियांपैकी कोणाचेही नाव उरलेले नाही. त्यांच्या केसांत सोन्याच्या वा रुप्याच्या फिती होत्या. एकीच्या मात्र केसांत काही नव्हते. तिची रुप्याची फीत कमरेपाशी, घट्ट गुंडाळलेली, तशीच सापडली. निघण्याच्या गडबडीत ती बांधावयास तिला वेळ मिळाला नसावा, असे वुली यांनी नमूद केले आहे.