खराटा आणि कीर्तन

वऱ्हाडातील एखाद्या खेड्यात भल्या पहाटे एक अनोळखी माणूस येई. निरनिराळ्या रंगांच्या चिंध्या जोडून शिवलेले वस्त्र त्याच्या अंगावर असे. डोक्यावर फुटक्या गाडग्याचे खापर, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात बांगडीची काच आणि हातात खराटा, असा त्याचा विलक्षण वेष असे. कोणाशी फारसे न बोलता तो वेशीपासून गाव झाडू लागे. उकिरडे हलवी, तुंबलेली गटारे मोकळी करी, वाटेतील काटेकुटे उचलून दूर टाकी. लोक त्याला वेडा समजत. पोरे त्याच्या मागे लागत. तो कोणावर रागावत नसे. भूक लागली म्हणजे एखाद्या दारी जाऊन भाकरी मागे. पण भाकरी घेण्यापूर्वी त्या घरचे काहीतरी काम करी. मिळालेली भाकरी तो त्याच खापरात घेऊन खाई. डोक्यावरची टोपी आणि जेवणाचे ताट, दोन्ही त्याच्यापाशी एकच होते.

दिवस मावळला की देवळासमोरच्या पटांगणात माणसे जमत. गाडगेबाबांचे कीर्तन होणार, अशी वार्ता गावात पसरलेली असे. लोक कीर्तनकाराची वाट पाहत बसत. इतक्यात सकाळपासून गाव झाडणारा तो वेडा मनुष्य उभा राही आणि हरिनामाचा गजर सुरू करी. गावकरी चकित होत. कित्येकांच्या माना लाजेने खाली जात. आपली घाण ज्याने दिवसभर उपसली, त्याचेच शब्द आता त्यांना ऐकावयाचे असत.

गाडगेबाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात 23 फेब्रुवारी 1876 रोजी त्यांचा जन्म झाला. आईचे नाव सखुबाई. त्या काळी देवापुढे बकरे-कोंबडे कापावे आणि त्या निमित्ताने मद्य प्यावे, अशी रीत अनेक घरांत होती. झिंगराजींना याच रीतीतून मद्याचे व्यसन जडले. व्यसनापायी घरदार गेले, शरीर खंगले आणि डेबू अवघा आठ वर्षांचा असताना ते मृत्यू पावले. एका व्यसनाने भरले घर कसे उजाड होते, हे त्या बालकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.

सखुबाई मुलाला घेऊन माहेरी, मूर्तिजापूरजवळच्या दापुरे या गावी गेल्या. तेथे डेबू मामांची गुरे राखू लागला. पहाटे उठून गोठा झाडावा, शेण काढावे, गुरे घेऊन रानात जावे, असा त्याचा नित्यक्रम होता. शाळेचे तोंड पाहण्याचे भाग्य त्याच्या वाट्यास आले नाही. रात्री गावात भजन असले की तो हमखास तेथे जाई. संतांचे अभंग कानावर पडता पडता त्याला पाठ होऊन गेले. पुढे तो अंगाने बळकट आणि शेतकामात तरबेज झाला. त्याने धरलेला नांगर सरळ चाले, असे लोक कौतुकाने म्हणत. 1892 साली कुंताबाईंशी त्याचा विवाह झाला.

परंतु या सुखी घरावर सावकाराची दृष्टी होती. मामा भोळे होते आणि अक्षरशत्रूही होते. कागदावर काय लिहिले आहे, हे त्यांना वाचता येत नव्हते. विश्वासाने ते अंगठा उठवीत गेले आणि अखेर सोन्यासारखी जमीन सावकाराच्या घशात गेली. त्या धक्क्याने मामांनी अंथरूण धरले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. सावकार आपली माणसे घेऊन जमिनीचा ताबा घेण्यास आला, तेव्हा तरुण डेबूजी नांगर सोडून बाजूला झाला नाही, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. मात्र या प्रसंगातून त्याने घेतलेला धडा जन्मभर टिकला. वडिलांचा घात व्यसनाने केला, मामांचा घात अज्ञानाने आणि कर्जाने केला. हे तीन शत्रू गावोगाव, घरोघर दबा धरून बसले आहेत, याची जाणीव त्याला अस्वस्थ करू लागली.

या शत्रूंशी त्याने पहिली झुंज स्वतःच्या अंगणात दिली. कन्येच्या बारशाला जातभाईंना मांस आणि मद्य देण्याची चाल होती. डेबूजींनी ती मोडली व पंगतीला बुंदीचे लाडू वाढले. वडीलधारी मंडळी रुसली, पण डेबूजी बधले नाहीत. दुसऱ्याला उपदेश करण्यापूर्वी तो आपल्या घरी आचरून दाखवावा, हा त्यांचा नियम येथूनच सुरू झाला.

1 फेब्रुवारी 1905 रोजी डेबूजींनी घर सोडले. मागे वृद्ध आई होती, पत्नी होती, लेकरे होती. आपल्या एका घरापेक्षा मोठे घर आपली वाट पाहत आहे, असे त्यांना वाटले असावे. हाती एक गाडगे आणि एक काठी घेऊन ते निघाले. अनेक वर्षे ते अनवाणी हिंडत राहिले. ऊन, पाऊस, भूक आणि अपमान सोसून त्यांनी लोकांचे जीवन जवळून पाहिले. हातातील गाडग्यावरून लोक त्यांना गाडगेबुवा म्हणू लागले आणि पुढे त्यांचे तेच नाव सर्वतोमुखी झाले.

पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचे तीर्थ आहे. ऋणमोचन म्हणजे कर्जातून सुटका. पौष महिन्यातील रविवारी तेथे यात्रा भरते. तेथे स्नान केले असता ऋण फिटते, अशी भाविकांची श्रद्धा होती. नदीचा काठ निसरडा आणि चिखलाचा असल्यामुळे म्हाताऱ्याकोताऱ्यांचे पाय घसरत. बाबा माती आणि दगड वाहून पायवाट नीट करू लागले. त्यांना एकट्याने राबताना पाहून लोक मदतीला आले आणि काही काळाने तेथे घाट उभा राहिला. लोकांचे पाय घसरू नयेत म्हणून घाट बांधणारे बाबा त्यांची मनेही सावरीत होते. नदीत बुडी मारून सावकाराची वही कोरी होत नाही, कर्ज फेडावयाचे असेल तर व्यसने आणि उधळपट्टी सोडावी लागते, असे ते त्यांना समजावून सांगत. ज्याच्या मामांची जमीन कर्जापायी गेली होती, त्याच्या तोंडी हे बोल पोकळ वाटत नसत.

बाबांचे कीर्तन इतर कीर्तनांहून वेगळे होते. ना पोथी, ना वीणा, ना रेशमी उपरणे. वऱ्हाडी बोलीतून ते श्रोत्यांशी सरळ संवाद करीत. ते एकामागून एक प्रश्न विचारीत आणि श्रोत्यांकडूनच उत्तरे काढून घेत. देवाला अन्न लागते काय, तो नवस मागतो काय, मुक्या जनावराच्या रक्ताने तो प्रसन्न होईल काय, असे ते साध्या शब्दांत विचारीत. लोक हसत हसत उत्तरे देत आणि उत्तर देता देता आपली चूक आपणच कबूल करून बसत. मग बाबा गोपाळाच्या नामाचा गजर सुरू करीत आणि हजारो कंठ त्यात मिसळत. तुकाराममहाराजांना ते गुरुस्थानी मानीत; त्यांचे अभंग बाबांच्या निरूपणात सहज येत. मात्र आपण कोणाचे गुरू नाही व आपला कोणी शिष्य नाही, असे ते नेहमी सांगत. कोणी पाया पडू लागले, तर त्यांना ते मुळीच खपत नसे. कीर्तन संपले की लोकांनी गराडा घालण्यापूर्वीच ते अंधारातून पुढच्या गावाची वाट धरीत.

त्यांच्या उपदेशातील सर्वांत मोठा विषय शिक्षणाचा होता. जेवणाची भांडी विकावी लागली तरी चालेल, भाकरी हातावर घेऊन खावी, पण मुलाला शाळेत घालावे, असे ते कळकळीने सांगत. स्वतः निरक्षर असलेल्या या संताने खेड्यापाड्यांतील असंख्य आईबापांना शाळेची वाट दाखविली. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेच्या कार्याविषयी त्यांना मोठी आस्था होती. भाऊरावांनी 1954 साली कराड येथे सुरू केलेल्या महाविद्यालयास सद्गुरू गाडगेमहाराजांचे नाव दिले. ज्याने कधी पाटी हाती घेतली नाही, त्याचे नाव विद्यामंदिराच्या दारावर कोरले जावे, यात केवढा अर्थ भरला आहे!

अस्पृश्यता ही बाबांच्या मनाला सलणारी दुसरी गोष्ट. पंढरीचा विठोबा सर्वांचा. परंतु त्याच्या दर्शनाला दुरून चालत येणाऱ्या अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना पंढरपुरात रात्रीपुरता आसराही मिळत नसे. उघड्या वाळवंटात, पावसात भिजत ते रात्र काढीत. विठ्ठलमंदिराचे दार त्यांच्यासाठी 1947 साली उघडले. त्याच्या कितीतरी आधी बाबांनी त्यांच्या निवाऱ्याची सोय केली. 1917 साली कामास आरंभ झाला आणि काही वर्षांतच पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली. पुढे 1949 साली बाबांनी ही धर्मशाळा डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. या दोन महापुरुषांना एकमेकांविषयी नितांत आदर होता.

यानंतर नाशिक, देहू, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा झाल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयात दूरच्या गावांहून रोगी येत. त्यांच्या सोबतच्या नातलगांना रस्त्याच्या कडेला झोपावे लागे. त्यांच्यासाठीही बाबांनी धर्मशाळा उभारली. अन्नछत्रे, गोरक्षणसंस्था, विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे अशी कितीतरी कामे लोकांनी दिलेल्या पैशांतून झाली. त्या पैशाला बाबा स्वतः स्पर्श करीत नसत. विश्वासू माणसे नेमून ते चोख हिशेब ठेववीत. 1952 साली या सर्व कार्याची व्यवस्था पाहण्यासाठी श्रीगाडगेबाबा मिशनची स्थापना झाली. आपल्या नात्यातील कोणाचाही या मिळकतींवर हक्क राहू नये, अशी तजवीज बाबांनी केली. धर्मशाळेच्या सावलीत हजारो लोक सुखाने झोपत. बाबा मात्र बाहेर एखाद्या झाडाखाली अंग टाकीत.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. बाबांच्या त्यागात त्यांच्या घरच्या माणसांचाही वाटा होता. बाबांच्या आज्ञेवरून कुंताबाई मूर्तिजापूर येथे झोपडीत राहिल्या. नवऱ्याने बांधलेल्या पक्क्या इमारती समोर दिसत असूनही त्यांनी कधी आपला अधिकार सांगितला नाही. 1923 साली बाबांचा तरुण मुलगा गोविंद मरण पावला. ही वार्ता कोकणात बाबांना कळली, तेव्हा त्यांचे कीर्तन चालले होते. त्यांनी कीर्तन थांबविले नाही. रोज कितीतरी आयांची लेकरे जातात, मग मी एकट्यासाठी काय रडू, अशा अर्थाचे उद्गार काढून त्यांनी पुन्हा हरिनाम आरंभिले. हे वाचून एखाद्याला वाटेल, की बाबांचे हृदय कठोर होते. पण परक्याच्या पायातील काटा पाहून ज्याचे डोळे भरून येत, त्याला पुत्राच्या मृत्यूचे दुःख झाले नसेल काय? ते दुःख त्यांनी गिळले. आणि तिकडे झोपडीत ज्या आईने ते एकटीने सोसले, तिचे मोलही आपण जाणले पाहिजे.

1956 साल उजाडले, तेव्हा बाबांच्या वयाला ऐंशी वर्षे होत होती. शरीर थकले होते, तरी पायांचे भ्रमण आणि मुखाचे कीर्तन थांबले नव्हते. नोव्हेंबर महिन्यात मुंबईत वांद्रे येथे त्यांचे कीर्तन झाले. ते ध्वनिमुद्रित झाल्यामुळे तो आवाज आजही ऐकावयास मिळतो. 6 डिसेंबर रोजी डॉक्टर आंबेडकरांचे निधन झाले आणि त्या वार्तेने बाबा फार व्यथित झाले. त्यांची प्रकृती झपाट्याने खालावली. 20 डिसेंबर 1956 रोजी त्यांना मोटारीने अमरावतीकडे नेत असता, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांची प्राणज्योत मालवली. आयुष्यभर जो एका गावी थांबला नाही, त्याला मृत्यूही वाटेतच आला. अमरावतीस त्यांची समाधी आहे.

बाबा गेले, पण त्यांचा खराटा खाली पडला नाही. महाराष्ट्र शासनाने 2000 साली त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले आणि अनेक गावांनी चढाओढीने आपले रस्ते, गटारे आणि पाणवठे स्वच्छ केले. अमरावतीच्या विद्यापीठासही आता त्यांचे नाव आहे.

उत्तम बोलणारे वक्ते जगात पुष्कळ असतात. त्यांचे भाषण ऐकून आपण टाळ्या वाजवितो आणि घरी जाऊन विसरतो. गाडगेबाबांचे शब्द लोकांच्या मनात रुजले, कारण त्या शब्दांपूर्वी त्यांचे हात बोललेले असत. स्वच्छतेवर बोलण्याआधी त्यांनी गाव झाडलेला असे. समतेवर बोलण्याआधी निराश्रितांसाठी छप्पर उभारलेले असे. मुलांनो, तुमच्याही शाळेच्या अंगणात एखादा कागदाचा कपटा पडलेला दिसेल. तो कोणी टाकला, याची चौकशी करीत न बसता तुम्ही खाली वाकून तो उचललात, तर बाबांचे कीर्तन तुम्ही खरोखर ऐकले, असे होईल.